ओस पडलेल्या गावांचा माग : स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नकाशासेवा

जुन्या स्थलदर्शक नकाशांच्या आधारे एखाद्या ग्रामीण मुलखाचा भूतकाळ धुंडाळू पाहणाऱ्या वाचकाने कोणत्या सेवेपासून सुरुवात करावी, असे कोणी विचारले, तर एडिनबरो येथील ‘नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड’ या संस्थेच्या नकाशासेवेचे नाव मी निःसंकोचपणे घेईन. १९२५ साली राष्ट्रीय ग्रंथालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेने आपल्या संग्रहातील दोन लाखांहून अधिक नकाशे इंटरनेटवर खुले केले आहेत. ते पाहण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि नाव नोंदवावे लागत नाही. मात्र अशा सेवेची परीक्षा नुसत्या संख्येवर करण्यात अर्थ नसतो. आकडा कितीही मोठा असला, तरी एका खोऱ्यातल्या एका गावाविषयी ती काय सांगू शकते आणि कुठे गप्प बसते, हे पाहावे लागते. म्हणून या परीक्षणासाठी मी एकच कौंटी निवडली आहे आणि तिच्यातलेही मुख्यतः एकच खोरे.

ती कौंटी म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या अगदी उत्तरेकडचे सदरलंड. प्रशासकीय कौंटी म्हणून १९७५ साली तिचे अस्तित्व संपले, तरी जुने नकाशे कौंटीवारच लावलेले असल्यामुळे या सेवेत ती अजून जिवंत आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढे आहे. मात्र सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि सदरलंडात अवघी १३ हजारांच्या घरात. १८५१ च्या जनगणनेत हाच आकडा २५ हजारांच्या वर होता. ही विरळ वस्ती केवळ थंडीवाऱ्याची आणि नापीक जमिनीची करणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ आणि तिचा पती लॉर्ड स्टॅफर्ड यांच्या जमीनदारीने आतल्या खोऱ्यांमधील कुळे हजारोंच्या संख्येने उठवली, त्यांना समुद्रकिनाऱ्यावरच्या चिंचोळ्या तुकड्यांवर नेऊन बसवले आणि मोकळी झालेली जमीन शेव्हियट जातीच्या मेंढ्यांच्या मोठमोठ्या कुरणांसाठी भाड्याने दिली. इतिहासात या घटनाक्रमाला ‘हायलँड क्लिअरन्सेस’, म्हणजे हायलँड्स या स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातून केलेली हकालपट्टी, म्हणतात. ज्या मुलखातून माणसेच उठवली गेली तिथे जुन्या नकाशांचा कस लागतो, कारण सांगायला मागे कोणी उरलेले नसते.

सेवेची रचना आधी थोडक्यात सांगतो. नकाशा पाहण्याच्या येथे अनेक पद्धती आहेत आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच. पहिली पद्धत सुटे पान उघडून पाहण्याची आहे. कागदाच्या घडीची रेघ आणि शाईचा डाग दिसेपर्यंत पान मोठे करता येते. दुसऱ्या पद्धतीत सगळी पाने एकमेकांना सांधून आजच्या नकाशावर नेमकी बसवलेली असतात आणि एक सरकपट्टी ओढून जुना नकाशा हवा तितका पारदर्शक करता येतो. तिसऱ्या पद्धतीत पडद्याचे दोन भाग होतात, डावीकडे जुना नकाशा आणि उजवीकडे उपग्रहावरून घेतलेले छायाचित्र येते, आणि एका बाजूला कर्सर हलवला की दुसऱ्या बाजूला त्याच जागी खूण सरकत राहते. याखेरीज वर्तुळाकार भिंगातून खालचा थर दाखवणारी आणि डोंगरांना उठाव देणारी त्रिमितीय, अशाही सोयी आहेत. त्रिमितीय दृश्य पाहुण्यांना दाखवायला छान आहे, पण गावाचा माग काढण्याच्या कामी त्याचा मला फारसा उपयोग वाटत नाही. खरे काम होते ते दोन भागांच्या पडद्यावर.

आता स्ट्रॅथनेव्हरकडे वळू. लॉख नेव्हर नावाच्या लांबट सरोवरातून निघणारी नेव्हर नदी उत्तरेकडे वाहत जाऊन बेटीहिलपाशी समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवरचा हा खोऱ्याचा पट्टा १८१४ ते १८१९ या काळात टप्प्याटप्प्याने रिकामा करण्यात आला. बेटीहिल हे गावच मुळी उठवलेल्या लोकांना किनाऱ्यावर वसवताना उभे राहिले आणि त्याला नावही काउंटेसचेच मिळाले. १८१४ ची मोहीम हाकणारा जमीनदारीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली १८१६ साली इन्व्हर्नेस येथे खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. उठवलेल्या जमिनीचा मोठा तुकडा मेंढपाळीसाठी त्याने स्वतःच भाडेपट्ट्याने घेतला होता, एवढे सांगितले तरी प्रकरणाचे स्वरूप कळते.

या खोऱ्याची ओस पडण्याआधीची स्थिती पाहायची तर सेवेतला सर्वांत मोलाचा थर म्हणजे विल्यम रॉय याच्या नावाने ओळखले जाणारे लष्करी सर्वेक्षण. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या, बंडखोरांचा मोड झाला. या बंडाच्या काळात हायलँड्सचा धड नकाशाही आपल्यापाशी नाही, हे सरकारी सैन्याला चांगलेच जाणवले होते. म्हणून कर्नल डेव्हिड वॉटसन याच्या पुढाकाराने १७४७ साली हे काम सुरू झाले. १७५२ पर्यंत हायलँड्स आणि १७५५ पर्यंत दक्षिण स्कॉटलंड असा जवळजवळ सगळा देश एका इंचाला १,००० यार्ड या प्रमाणावर हाताने रंगवून काढण्यात आला. मूळ पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांच्याच प्रतिमा या सेवेत पाहायला मिळतात. पान उघडताच राखाडी छटांनी उठाव दिलेले डोंगर, हिरवट निळे पाणी आणि नदीकाठी लाल ठिपक्यांचे पुंजके नजरेत भरतात. हे लाल ठिपके म्हणजे घरे. त्यांच्या भोवती पिवळसर रंगावर समांतर बारीक रेघोट्या मारलेल्या आहेत, ती कसलेली जमीन. आज ज्या खोऱ्यात एका वस्तीपासून दुसरीपर्यंत मोटारीने बराच वेळ जावे लागते, त्याच खोऱ्यात नदीच्या दोन्ही अंगांना असे पुंजके ओळीने मांडलेले दिसतात. क्लिअरन्सेसविषयी चार प्रकरणे वाचून जे डोळ्यांपुढे उभे राहत नाही, ते या एका पानावर दिसते.

परंतु हे पान वापरताना हात राखून वागले पाहिजे. सर्वेक्षण करणाऱ्या तुकड्यांनी साखळीने मोजमाप केले ते मुख्यतः नद्यांच्या आणि वाटांच्या कडेने. मधला मुलूख त्यांनी नजरेच्या अंदाजाने भरला. स्वतः रॉयनेच पुढे लिहून ठेवले आहे की हे काम काटेकोर नकाशापेक्षा भव्य लष्करी रेखाटनासारखे आहे. त्यामुळे हा थर आजच्या नकाशावर बसवला की नदीची वळणे शेकडो मीटर इकडेतिकडे सरकलेली आढळतात, आणि सरकपट्टी ओढून ‘हा ठिपका बरोबर या भिंतीवर पडतो’ असे काही ठरवू पाहणारा फसतो. रॉयचे पान दोन भागांच्या पडद्यावरच पाहावे, नदीला मिळणारे ओढे एकेक करून ओळखावेत आणि गावाची जागा ओढ्यांच्या हिशेबाने ठरवावी, असा माझा आग्रह आहे. लाल ठिपके मोजून घरांची संख्या सांगण्याचा मोहही टाळावा. त्या सैनिकांना वस्ती कुठे आहे हे दाखवायचे होते, खानेसुमारी करायची नव्हती.

दुसरा महत्त्वाचा थर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या सहा इंचांना मैल या मालिकेच्या पहिल्या आवृत्तीचा आहे. प्रमाण १:१०,५६० असल्याने प्रत्येक इमारत आपल्या आकारासह काढलेली असते. ही मालिका स्कॉटलंडात १८४३ ते १८८२ या काळात पूर्ण झाली आणि सदरलंडची पाळी शेवटी शेवटी, १८७० च्या दशकाच्या आसपास आली. या पानांवर एक संकेत ठाऊक असला की सगळे खोरे बोलू लागते. छप्पर असलेली इमारत आतून भरलेली दाखवतात आणि छप्पर गेलेल्या इमारतीची नुसती बाह्यरेषा काढतात. स्ट्रॅथनेव्हरच्या पानांवर अशा पोकळ, लांबट आयतांचे थवेच्या थवे दिसतात. घरे पाच-सहाच्या घोळक्याने, एकमेकांशी काटकोन न साधता, जमिनीच्या उताराप्रमाणे वाकडीतिकडी उभी असतात. माणसे आणि गुरे एकाच आढ्याखाली राहत असल्यामुळे त्यांची लांबी रुंदीच्या मानाने पुष्कळ जास्त आहे. घोळक्याला कवेत घेऊन जाणारी एक वेडीवाकडी रेघ असते, ती लागवडीची जमीन आणि बाहेरचे माळरान यांच्यामधल्या बांधाची. आणि या सगळ्याच्या कडेला किंवा चक्क मधोमध, भूमितीच्या पट्टीने काढावा तसा नीटस वर्तुळाकार किंवा चौकोनी वाडा असतो, ज्याच्याशी मेंढवाडा असे छापलेले असते. असे मेंढवाडे पुष्कळदा जवळच्या मोडक्या घरांचेच दगड वापरून बांधलेले असत. इतिहासाची दोन पाने एकमेकांवर छापली गेल्यासारखी ही जागा शोधायला आणखी कोणत्याही ग्रंथाची गरज लागत नाही.

सायर या वस्तीच्या आग्नेयेला असलेले रोझल हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८१४ ते १८१८ या काळात ते रिकामे झाले. १९६२ साली, भोवतालच्या माळावर वनखात्याची सूचिपर्णी झाडे लावली जाण्याआधी, होरेस फेअरहर्स्ट या संशोधकाने तेथे उत्खनन आणि मोजमाप केले, तेव्हा ७० च्या आसपास बांधकामांचे अवशेष मोजले गेले. त्यांत राहती घरे होती, कोठारे होती आणि धान्य वाळवण्याच्या भट्ट्याही होत्या. दोन भागांच्या पडद्यावर डावीकडे सहा इंची पान आणि उजवीकडे उपग्रहाचे छायाचित्र ठेवले, तर लागवडीच्या जंगलात कातरून ठेवल्यासारखा एक मोकळा, फिकट तुकडा दिसतो. त्याची कड आणि जुन्या बांधाची रेघ कर्सरने एकदम फिरून पाहता येतात. छायाचित्र आणखी मोठे केले की गवतातल्या भिंतींच्या सावल्याही दिसू लागतात. मुद्रित नकाशासंग्रह कितीही देखणा असला तरी त्यात हे होणे नाही.

येथपर्यंत सेवेचे गुणगान झाले. आता ती कुठे गप्प बसते ते पाहू.

छप्पर नसलेले घर १८७० च्या दशकात पडके होते, एवढेच पान सांगते. ते केव्हा पडले आणि कोणी पाडले, हे त्या पानाच्या आवाक्याबाहेरचे आहे. हायलँड्समध्ये उन्हाळ्यात गुरे घेऊन उंचावरच्या कुरणांत जाण्याची आणि तिथे लहानशा झोपड्यांतून राहण्याची जुनी चाल होती. या झोपड्याही पुढे वापरातून गेल्या आणि नकाशावर त्यांचीही पोकळ बाह्यरेषाच उरली. त्या पाहून ‘येथेही गाव उठवले’ असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. फरक ओळखण्याची ढोबळ खूण अशी की उन्हाळी झोपड्या आकाराने लहान असतात, ओढ्याच्या उगमाकडे उंचावर असतात आणि त्यांच्याभोवती शेताचा बांध नसतो. तरीही शंका उरल्यास नकाशा मिटवून कागदपत्रांकडेच वळावे लागते. सदरलंड जमीनदारीची दफ्तरे याच ग्रंथालयात आहेत हा योगायोग सोयीचा आहे. कोणत्या साली कोण कूळ होते हे खंडाच्या याद्यांतून काढता येते. पण ते काम नकाशासेवेच्या पडद्यावर होणारे नाही. ज्याला नुसत्या थरांच्या सरकपट्टीवरून इतिहास लिहायचा आहे, त्याने या ठिकाणी सावध व्हावे.

दुसरी गोष्ट तारखांची आहे. सांधलेला अखंड नकाशा पाहताना पानांचे समास कापलेले असतात, आणि सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले, छपाई कधी झाली, हे नेमके त्या समासातच छापलेले असते. सर्वेक्षण आणि प्रकाशन यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते, शिवाय काही थर रेल्वेमार्गासारखी नंतरची भर घालून पुन्हा छापलेल्या पानांचे असतात. अखंड नकाशावरून मूळ पानाकडे जाण्याची सोय सेवेत आहे. ती न वापरता ‘हा १८७० चा नकाशा’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे आपल्याच हाताने आपला पुरावा अधू करणे होय. शेजारच्या दोन पानांवर एकच वाट एकीकडे दिसते आणि दुसरीकडे अचानक संपते, अशा वेळी तर आधी तारखाच पाहाव्यात. कौंटीच्या सीमेबाबतही हेच लागू आहे. ही पाने कौंटीवार तयार झाल्यामुळे पुष्कळदा सीमेपलीकडचा भाग कोरा सोडलेला असतो. तेथे वस्ती नव्हती असा त्याचा अर्थ नाही, शेजारच्या केथनेस कौंटीचे पान उघडायचे बाकी आहे इतकाच तो आहे.

तिसरी मर्यादा सेवेच्या माथी मारता येणार नाही, पण तिच्याकडे दुर्लक्षही करता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑर्डनन्स सर्व्हेने २५ इंचांना मैल, म्हणजे १:२,५०० या प्रमाणावरही नकाशे काढले. त्यांवर शेताच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि क्षेत्रफळ असते. आपल्याकडच्या गावनकाशाची सवय असलेल्या माणसाला ते लगेच आपलेसे वाटतात. सेवेत ही मालिका आहे आणि ती अप्रतिम आहे. परंतु एवढ्या मोठ्या प्रमाणाचा खर्च लागवडीखालच्या मुलखासाठीच करायचा, डोंगर आणि माळरान सहा इंचांवर भागवायचे, असे धोरण होते. सदरलंडच्या आतल्या खोऱ्यांत ज्या जमिनी १८०० साली नांगराखाली होत्या, त्या मोजणीदार येईपर्यंत मेंढ्यांच्या कुरणांत जमा झाल्या होत्या. त्यामुळे कौंटीचा बहुतांश अंतर्भाग तपशीलवार मोजणीतून वगळला गेला आणि किनाऱ्यालगतच्या पट्टीला मात्र ती मिळाली. माणसे उठवली, म्हणून शेती गेली. शेती गेली, म्हणून बारीक नकाशाही मिळाला नाही. शेत आणि शेत पाहण्याच्या अपेक्षेने जो वाचक स्ट्रॅथनेव्हरचे २५ इंची पान शोधायला जाईल, त्याचा हिरमोड होण्याचीच शक्यता अधिक आहे. ही गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी.

गावांची नावे शोधण्याच्या बाबतीत मात्र सेवा चांगलीच मदतीला येते. सहा इंची नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरची जवळजवळ प्रत्येक अक्षरओळ स्वयंसेवकांकडून टिपून घेऊन तयार केलेली, सुमारे २५ लाख नोंदींची ‘जीबी १९००’ ही सूची येथे शोधासाठी उपलब्ध आहे. त्यामुळे कोणत्याही आधुनिक नकाशात नसलेल्या ओढ्याचे, टेकडाचे किंवा पडक्या वस्तीचे नाव टंकले तरी थेट त्या जागेवर जाता येते. रॉयच्या नकाशावरची नावे मात्र गेलिक ही हायलँड्सची जुनी भाषा न जाणणाऱ्या सैनिकांनी कानांवर पडतील तशी लिहिलेली आहेत. ती शोधपेटीत टाकून काही हाती लागत नाही, तेथे पुन्हा ओढे मोजण्याचाच मार्ग उरतो. ऑर्डनन्स सर्व्हेच्या मोजणीदारांनी प्रत्येक नाव कोणाला विचारून, कोणत्या स्पेलिंगने घेतले याच्या वह्या ठेवल्या होत्या आणि त्याही संगणकीकृत झालेल्या आहेत. नावाचे प्रमाण देणाऱ्यांत पाद्री, शाळामास्तर आणि जमीनदाराचा कारभारी अशी मंडळी असत, हे त्या वह्या वाचताना ध्यानात ठेवावे.

सदरलंडचा सगळा भूतकाळ क्लिअरन्सेसपुरता आहे असे नाही, आणि सेवाही तेवढ्यावर थांबत नाही. लेर्ग गावाजवळच्या लॉख शिन या सरोवरावर १९५० च्या दशकात जलविद्युत प्रकल्पाचे धरण झाले आणि पाण्याची पातळी चढली. धरणाआधीचा काठ कुठे होता हे सहा इंची पानावर स्पष्ट दिसते. पाण्याच्या आत काय होते हे पाहायचे, तर सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी १८९७ ते १९०९ या काळात केलेल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांच्या मोजणीचे नकाशे याच सेवेत आहेत. ५६२ सरोवरांची खोली मोजून त्यांनी समखोलीच्या रेषा काढल्या. नावेत बसून, एकामागून एक जागी वजन सोडून केलेले हे काम इतके नेटके आहे की ते विषयाबाहेर जाऊनही पाहत बसावेसे वाटते. याच सरोवराच्या काठी शिनेस येथे सदरलंडच्या तिसऱ्या ड्यूकने १८७० च्या दशकात वाफेच्या नांगरांनी माळ फोडून शेती उभारण्याचा खर्चिक प्रयोग केला होता. वेगवेगळ्या आवृत्त्यांची पाने शेजारी ठेवून ज्यांना शेतांच्या आखणीतला बदल वाचायची सवय करायची आहे, त्यांच्यासाठी ही जागा चांगली आहे.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगायला हव्यात. सेवा पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि तिची रचना अभ्यासकाच्या गरजेतून वाढत गेल्यासारखी आहे. थरांची यादी लांबलचक असून प्रत्येक थराचे नाव प्रमाण आणि वर्षे यांनी बनलेले असल्यामुळे ज्याला सहा इंची आणि एक इंची यांतला फरक ठाऊक नाही, तो सुरुवातीला चाचपडतो. अशाने एक इंची मालिकेपासून आरंभ करावा, मुलूख ओळखीचा झाला की सहा इंचीवर यावे आणि रॉयकडे सर्वांत शेवटी जावे. काम संगणकावरच करावे. दोन भागांचा पडदा फोनवर उघडतो खरा, पण बोटाने झाकलेल्या जागेत बाह्यरेषा आणि भरीव आकृती यांतला भेद ओळखणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. फोनचा उपयोग प्रत्यक्ष जागेवर होतो, कारण आपण उभे आहोत ते ठिकाण जुन्या नकाशावर दाखवण्याची सोय आहे. मात्र खोऱ्यात मोबाइलच्या जाळ्यावर विसंबून राहू नये आणि लागणाऱ्या पानांच्या छापील प्रती खिशात ठेवाव्यात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क दिलेला असल्यामुळे, पानावर दिसलेल्या भिंतीपर्यंत पायी जाण्याला सहसा अडकाठी नसते. तिकडे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी याचा लाभ घ्यावा.

आपल्या वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. १८१५ साली भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल म्हणून नेमला गेलेला कॉलिन मॅकेन्झी हा स्कॉटलंडच्याच लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवेचा होता, आणि सर्व्हे ऑफ इंडियाने पुढे कितीतरी दशके वापरलेले एक इंचाला मैल हे प्रमाण ऑर्डनन्स सर्व्हेच्या वळणाचेच होते. पुण्याचे ४७ एफ/१४ हे टोपोशीट ज्याने एकदा तरी टेबलावर पसरून वाचले आहे, त्याला स्कॉटलंडची पाने वाचायला फार तर एक संध्याकाळ लागेल. २००५ च्या नकाशाधोरणानंतर आपल्याकडे १:५०,००० प्रमाणाची खुली मालिका आली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुष्कळ निर्बंध सैल केले, हे स्वागतार्हच आहे. मात्र नव्या पानाखाली जुने पान सरकवून पाहण्याची चैन स्ट्रॅथनेव्हरच्या वाचकाला जितकी सहज मिळते, तितकी सह्याद्रीतल्या खोऱ्याच्या वाचकाला अजून मिळत नाही.

पाच तारे देण्याची रीत असेल तर मी साडेचार देईन. राखून ठेवलेला अर्धा तारा कापलेल्या समासांसाठी आहे. प्रत्येक पानाचे सर्वेक्षणवर्ष अखंड नकाशावरच कोपऱ्यात सतत दिसत राहिले, तर तोही द्यायला हरकत नाही. ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांनी लॉख नेव्हरच्या उत्तर काठावरचे ग्रमोर शोधावे. रस्ता अगदी लगत असल्याने जागा पटकन सापडते आणि तीन थरांत एकच वस्ती कशी दिसते याचा पहिला धडा तेथे मिळतो. रोझल त्यानंतर घ्यावे.